दोन ठिकाणी छापून आलेली बातमी

भानुमतीबाई शितोळ्यांना राग आला की त्या खडू मोडतात. शाळेत विज्ञान शिकवायच्या तेव्हाही मोडायच्या, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ती खोड काही गेली नाही. खडूंना तोटा नाही, कारण इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या मराठी वाचनालयाच्या दाराशी जो काळा फळा आहे, त्यावर रोज सकाळी बातम्या लिहायचं काम त्यांच्याकडे आहे. आधी ते त्यांच्या वडिलांकडे होतं. वडील गेले आणि तेरावं उरकल्यावर बाईंनी सरळ खडू हातात घेतला. कोणी नेमलं नाही आणि अडवायची कोणाची छाती झाली नाही.

वडिलांचा नियम एकच होता: बातमी दोन ठिकाणी छापून आली असेल तरच फळ्यावर चढायची. दोन पेपर, मग ते मराठी असोत की हिंदी. या एका नियमावर फळ्याचं नाव होतं. चहाच्या टपरीवर वाद रंगला की कोणीतरी विचारायचं, फळ्यावर आलंय का? आलं असेल तर वाद तिथेच मिटायचा. फळा कधी चुकलाच नव्हता, त्यामुळे चुकला तर काय लिहायचं हे कोणी ठरवूनच ठेवलं नव्हतं.

अलीकडे लोक मोबाईलबद्दल विचारायला लागले. कुठलं ॲप ठेवावं, कुठल्या मेसेजला हात लावू नये, नवीन काय निघालंय. म्हणून बाईंनी बुधवारचा फळा तंत्रज्ञानाच्या बातम्यांना दिला. पेपरांत त्या बातम्या कमी आणि फोनच्या पानभर जाहिराती जास्त. मग त्यांनी आपल्या भाचीला, अबोलीला, धरलं. ती तिकडे बायपासवरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. अबोलीने चहा पिता पिता त्यांच्या फोनवर वेबसाइटींची आणि पॉडकास्टची ही एवढी यादी पाठवून दिली आणि म्हणाली की मावशी, सगळं टॉपचं आहे, डोळे मिटून फॉलो करा.

डोळे मिटूनच करायला हवं होतं, कारण उघडे ठेवून वाचवत नव्हतं. पान उघडलं की आधी ‘सूचना पाठवू का’ म्हणून विचारणार, मग खालून जाहिरात वर येणार, ती बंद करायला जावं तर फुली इतकी बारीक की बोट जाहिरातीवरच पडायचं. मथळा असा की वाटावं आता जग बुडतंय, आणि आत पाच परिच्छेद वाचले तरी हाती धुपाटणं. पॉडकास्टची तर वेगळीच तऱ्हा. दोन पोरं अर्धा वेळ एकमेकांच्या विनोदांवर खिदळायची, मग त्याच आवाजात, त्याच सुरात गादी किती मऊ आहे ते सांगू लागायची. बातमी कुठे संपली आणि गादी कुठे सुरू झाली ते कळायचं नाही. बाईंचं डोकं सणकायचं. तरी त्या चिकाटीने ऐकायच्या, वाचायच्या, आणि दोन ठिकाणी सापडलं तेवढंच फळ्यावर लिहायच्या.

अशाच एका बुधवारी त्यांना ती बातमी दिसली. बटणांचे जुने फोन पुढच्या महिन्यापासून इंदूरमध्ये चालणार नाहीत, नेटवर्कच बंद होणार. बाईंनी शोधलं, तर दोनच काय, अबोलीच्या यादीतल्या दहा वेबसाइटींवर तेच. त्यांना मनातून बरंच वाटलं. वडिलांना दोन लागायचे, इथे दहा होते. त्यांनी झोकात अक्षर काढून बातमी लिहिली.

वाचणाऱ्यांत संताजीकाका लांभाते होते. वाचणाऱ्यांत म्हणायचं ते आपलं रीत म्हणून, कारण काकांना आता धूसर दिसतं. गिरणीतून निवृत्त झालेला माणूस, बायको गेलेली, मुलगी मंगला देपालपूरला दिलेली. रोज सकाळी काठी टेकत फळ्यासमोर उभे राहायचे आणि बाई त्यांना मोठ्याने वाचून दाखवायच्या. बाई झग्यात होत्या तेव्हापासून काका त्यांना भानू म्हणतात. काकांच्या खिशात बटणांचा फोन असायचा. पाचाच्या बटणावर बारीकसा उंचवटा असतो, तो अंगठ्याने चाचपून ते बरोबर हवं ते बटण गाठायचे. दोन दाबून धरलं की मंगला, तीन दाबून धरलं की भानू. डोळ्यांचं कामच नव्हतं.

तो फोन त्यांनी त्याच संध्याकाळी दुकानात देऊन टाकला आणि त्याच्या बदल्यात काचेचा, गुळगुळीत फोन घेऊन आले. बाई त्यांना वर म्हणाल्या की बरं केलंत, आणि स्वतः बसून त्यांनी त्यावर मंगलाचा आणि आपला फोटो लावून दिला, त्यावर नुसतं बोट ठेवायचं म्हणून.

पुढच्याच आठवड्यात काका न्हाणीघरात पाय घसरून पडले. फोन खिशातच होता. ओल्या अंगठ्याने काच उघडेना, आणि फोटो त्यांना दिसले नाहीत. सकाळी दूधवाल्याने हाक ऐकली तोवर रात्र तशीच त्या फरशीवर गेली होती. खुब्याचं हाड मोडलं.

बाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा मंगला आलेली होती. ती रडवेली होऊन बापाला विचारत होती की जुना फोन चांगला चालत होता, तो कशाला दिलात. बाई चहाचा थर्मास घेऊन पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या.

“फळ्यावर होतं,” काका म्हणाले.

एवढंच. त्यात तक्रार नव्हती, बोट दाखवणं नव्हतं. मंगलाने बाईंकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. तिने चार शब्द सुनावले असते तर बाईंना सोसलं असतं.

घरी येऊन त्यांनी चप्पलही न काढता फोन उघडला आणि त्या दहाही वेबसाइटी शेवटच्या ओळीपासून वरपर्यंत वाचून काढल्या. दहाही ठिकाणी तीच वाक्यं, तोच फोटो. एकीच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, ही माहिती कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकावरून घेतल्याचं लिहिलं होतं. आणि कंपनी कसली? नवे फोन विकणारी. बाईंनी मोबाईल सेवेच्या ऑफिसात फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली की असं काहीच नाही, आंटीजी, तुमचा जुना फोन आरामात चालेल. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहा जण नव्हतेच. एकच होता आणि तो दहा तोंडांनी बोलत होता. मेल्यांनी एक फोन केला असता तर कळलं असतं. एकालाही करावासा वाटला नाही. आणि आपल्याला तरी कुठे वाटला, हे मनात आलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या.

अबोलीला त्यांनी फोनवरच फैलावर घेतलं. ती बिचारी ऑफिसात, हळू आवाजात म्हणाली, “मावशी, सगळीकडे ऐसाच चलता है. इतकं चेक कोण करतं?”

“आपण करायचं असतं,” बाई म्हणाल्या. “दोन पेपर म्हणजे दोन माणसं जाऊन बघून आलीत, असा त्याचा अर्थ होता. मी नुसते आकडे मोजत बसले.”

मग त्यांनी यादी पुन्हा हातात घेतली. या वेळी त्या एकच गोष्ट शोधत होत्या: आमचं चुकलं, असं यांनी कधी, कुठे लिहिलंय का? बहुतेकांनी जन्मात लिहिलं नव्हतं. त्यांना बाईंनी एकेक करून यादीतून हाकललं, आणि हाकलताना शिव्याही घातल्या. एका इंग्रजी वेबसाइटवर बातम्यांच्या खाली स्वच्छ लिहिलेलं सापडलं की अमुक दिवशी आम्ही हे चुकीचं छापलं, खरं असं आहे. आणि एक हिंदी पॉडकास्ट मिळाला, कुणी बाई एकटीच बोलणारी. ना हसणं, ना गादी. तिने सुरुवातच केली की मागच्या भागात मी चुकीचं सांगितलं, मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. भानुमतीबाईंनी मेथी निवडता निवडता तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. असं म्हणता येतं तर, त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या फळा पुसायला गेल्या, तर वाचनालयाचा चिटणीस परेश आडवा आला. गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. त्याचं म्हणणं असं की ती बातमी केव्हाच पुसली गेली, आता चूक लिहायची गरज नाही. लालबाग राजवाड्यातल्या मेळ्यात वाचनालयाचा स्टॉल लागणार आहे, नवे सभासद करायचे आहेत, अशा वेळी कशाला बोभाटा.

“ताई, छोडो ना,” तो म्हणाला. “लोक विसरूनपण गेले.”

“ज्याचं हाड मोडलंय तो विसरला का, भिया?” बाईंनी विचारलं. “बाजूला हो.”

परेशने पुन्हा तोंड उघडलं तेव्हा त्यांच्या हातातला खडू मोडला, आणि तो बाजूला झाला. मोडक्या तुकड्याने त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं:

‘बटणांचे फोन बंद होणार, असं मी इथे लिहिलं होतं. ते खोटं होतं. मी चौकशी केली नव्हती. जुना फोन चालतो, कोणाला देऊ नका. ज्यांनी दिला त्यांची मी अपराधी आहे. भानुमती शितोळे.’

त्या मजकुराभोवती त्यांनी चौकट आखली आणि परेशला बजावलं की रोजच्या बातम्या उरलेल्या जागेत मावतील, हे कोणी पुसायचं नाही.

काकांना मंगला देपालपूरला घेऊन गेली. आता काठी टेकत फळ्यापर्यंत येणं त्यांच्याच्याने होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी बाजार पालथा घालून तसाच बटणांचा फोन मिळवला, दोनावर आणि तीनावर नंबर लावले आणि बसने जाऊन काकांच्या उशाशी ठेवून आल्या. काका तेव्हा झोपले होते, त्यामुळे बोलायचं राहिलं. बाईंना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा रागही आला.

नंतर एका सकाळी त्या फळ्यापाशी उभ्या असताना त्यांचा फोन वाजला. तिकडे काकांनी तीन दाबून धरलं होतं.

“भानू, आज फळ्यावर काय आहे?”

बाईंनी सगळ्या बातम्या वाचल्या. मग चौकटीतला मजकूर वाचला, आपल्या नावासकट, एकही शब्द न गाळता. तिकडे काकांच्या मागे कुठेतरी ट्रॅक्टर चालू होता.

“दोन ठिकाणी आलंय का?” काकांनी विचारलं.

बाईंनी सकाळीच पाहिलं होतं. दहाही वेबसाइटींवर ती जुनी बातमी अजून तशीच होती, शेजारी नव्या फोनची जाहिरात.

“नाही काका. एकाच ठिकाणी आलंय. आपल्या फळ्यावर.”

“मग खरं असणार,” काका म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.