मावशींच्या जिभेवरची जखम

शिवणवाल्या मावशींना कात्री लागायची ती फक्त कापड कापायला. शिवण संपली की मान तिरकी करून दाताने दोरा तोडायचा, ही तीस वर्षांची सवय. समोरच्या दाताला खाच पडली, तेव्हा त्यांनी ते काम बाजूच्या दाताकडे सोपवलं. सून म्हणायची, "आई, कात्री गळ्यात बांधून देऊ का?" मावशी म्हणायच्या, "दात देवाने फुकट दिलेत, वापरू दे की."

पण तीन महिन्यांपासून जिभेच्या कडेला एक जखम होती आणि ती भरत नव्हती. थोरले दीर अशाच जखमेने गेले होते. मावशींनी मनाशी काय ते समजून घेतलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा त्या जखमेचा विषय टाळायच्या.

त्या आठवड्यात मावशींच्या दुकानासमोरच्या शाळेत दातांच्या कॉलेजातल्या मुलांचं शिबिर लागलं. सगळी गल्ली रांगेत उभी राहिली, मावशी सोडून. दुपारी एक विद्यार्थिनी ॲप्रनचा उसवलेला खिसा घेऊन दुकानात आली. मावशींनी चार टाके घातले, दोरा दाताने तोडला आणि कळवळल्या.

"मावशी, बघू."

"काही नाही गं. तू डॉक्टर झालीस का?"

"नाही अजून. शेवटचं वर्ष."

"मग वर्ष संपव आणि ये."

"तोवर तुम्ही आ करून बसणार का? आत्ताच दाखवा."

मावशींना हसू आलं, आणि हसण्याच्या भरात तोंड उघडलं गेलं. मुलीने मोबाईलचा उजेड पाडला. मग बोटाने गाल बाजूला सारून पुन्हा पाहिलं.

"तेच आहे ना?" मावशींनी विचारलं.

"मला माहीत नाही, मावशी. माहीत नसताना सांगणार नाही. सरांकडे चला."

सरांनी वर्गातल्या बाकावर बसवून जखम बोटाने चाचपली. दोरा तोडायच्या दाताचा टवका उडाला होता आणि त्याची धार जिभेला घासत होती. मुलीने ती धार घासून गुळगुळीत केली. सर म्हणाले, "बहुतेक यानेच झालंय. पण पंधरा दिवसांनी कॉलेजात यायचंच. भरली नसेल, तर तुकडा काढून तपासू."

त्या पंधरा दिवसांत मावशींनी देवापुढे सगळं बोलून टाकलं.

कॉलेजात त्याच मुलीने आरसा धरून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग सरांना दाखवलं. सरांनी मान डोलावली. "भरली. साफ भरली."

"नीट बघितलंत?"

"मी दोनदा बघितलं, मावशी," मुलगी म्हणाली. "पंधरा दिवस माझाच जीव टांगणीला लागला होता."

शिपाई म्हणाला, "आजी, उठा आता, पुढचा पेशंट थांबलाय."

"उठते रे. येताना पाय धड होते, आता कापायला लागलेत."

मुलीने स्टूल ओढलं आणि शेजारी बसली. पुढच्या पेशंटने खुशाल पाच मिनिटं वाट पाहिली.