उतारावर चावी बंद

आमच्या भागात कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली की माणसं आधी तिला एक चक्कर मारतात, टायर पायाने दाबून बघतात आणि मग एकच विचारतात, “किती देती?” ती पळते किती, दिसते कशी, हे नंतर. एका लिटरात किती किलोमीटर जाते ते सांगा. याला आमच्याकडे ॲव्हरेज म्हणतात, आणि गाडीबरोबर मालकाची अब्रूही त्यावरच ठरते.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, पुण्याहून लाल गाडी घेऊन पुसेगावजवळच्या आमच्या तांड्यावर आला, तेव्हा त्याची अब्रू पहिल्याच प्रश्नाला गेली. दोन हजार साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. गाडी कुणीतरी वापरलेली, पण दोनच दारांची, जमिनीला टेकेल एवढी बुटकी, मागे डिक्कीवर पंख लावलेला. दादा उगाच ॲक्सिलेटर दाबायचा आणि ती अशी गुरगुरायची की कोंबड्या पांगायच्या. बाने, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिच्याभोवती चक्कर मारून विचारलं, “किती देती?” दादाने आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग म्हणाला, “आठ. कधी नऊ.”

“आठ?” बा म्हणाला. “माझी जीप टपावर माणसं घेऊन याच्याहून जास्ती देती.”

घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतो. इथे ते बोलणं मी आजूबाजूच्या मराठीत सांगते आहे, एवढं समजून घ्यावं.

बा सेनगाव-हिंगोली लाइनीवर काळी-पिवळी, म्हणजे भाड्याची, जीप चालवायचा. डिझेल वाचवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही, ब्रेक होता होईल तो लावायचाच नाही, आणि उतार लागला की गिअर न्यूट्रलला टाकून चावी बंद. मग जीप आपल्याच वजनाने गडगडत खाली जायची आणि इंजिनाचा आवाज थांबल्यामुळे बाहेरचा वारा ऐकू यायचा. हे लाइनीवरचे सगळेच करायचे. चढाला माणसं खाली उतरवायची खोड मात्र एकट्या बाची. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवायचे. चढाला जनावराचं ओझं हलकं करावं, हे बाने त्याच्या आजोबांकडून ऐकलेलं. जीपलाही त्याने तोच कायदा लावला होता.

त्या वर्षी माझी बारावी झाली होती आणि मला नर्स व्हायचं होतं. बाने हो म्हटलं होतं, पण एका अटीवर. आत्याने, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीने, मला तिच्या मुलासाठी मागितलं होतं आणि बाने तिला शब्द देऊन टाकला होता. मला घातलेली अट अशी, की यंदा ट्रेनिंगला नंबर लागला नाही तर दिवाळीनंतर लग्न. आत्याचा मुलगा वाईट नव्हता. तो मला नको होता, एवढंच. माझं सगळं आयुष्य परभणीच्या एका सकाळवर येऊन थांबलं होतं. अकरा वाजता प्रवेशाची नावं पुकारणार, जिचं नाव येईल ती समोर नसेल तर जागा पुढच्या मुलीला. दुसरी संधी नाही.

आणि नेमका त्याच आठवड्यात मालट्रकवाल्यांचा संप सुरू झाला. तेलाचे टँकर यायचे थांबले, पंप कोरडे पडले, एस.टी.च्या गाड्याही निम्म्या बंद झाल्या. बाची जीप इंजिन उतरवून गॅरेजला पडलेली. त्या सकाळी फाट्यावर आम्ही एस.टी.ची वाट बघत उभे राहिलो. ती आलीच नाही, लाइनीवरची एखादी जीपही नाही. उरली दादाची लाल गाडी, आणि तिच्यातलं निम्मं पेट्रोल दादाने आदल्या संध्याकाळी मित्रांना घेऊन सेनगावपर्यंत मिरवण्यात जाळलं होतं.

बाने पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं आणि हात पुढे केला. “चावी आण. तू चालवलीस तर औंढ्यालाच कोरडी व्हईल.”

“बा, ही जीप न्हाई,” दादा म्हणाला.

“गाडी ती गाडी. आण.”

मी मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसले. तिथे माणसाला बसता यावं असं ती बनवणाऱ्याच्या मनातच नसावं. दादा पुढे, डोळ्यांवर गॉगल. बा सीटवर इतका खाली गेला होता की समोरचा रस्ता त्याला स्टिअरिंगच्या वरून मान उंचावून बघावा लागत होता. आणि गाडी निघाली. चाळीस. काटा तसूभर वर नाही.

एवढी झोकदार गाडी, आणि आम्हाला एक मोटारसायकल मागे टाकून गेली. मग दुसरी गेली, तिच्यावर तर मागे खताची गोणी होती. दादा बाहेर बघत बसला. मी मात्र घड्याळाकडे बघत होते. “बा, जरा जोरात,” मी म्हणाले. “जोरात गेली की तेल पेती,” तो म्हणाला. “मधीच थांबली मंग काय करशील?” खरं होतं ते.

हिंगोलीत पंपाला दोरी बांधलेली होती. बाहेर मोटारसायकलींची रांग, आणि ती रांग कशासाठी उभी होती ते तिलाच माहीत. पलीकडे पंक्चरच्या दुकानात बाटलीतलं पेट्रोल मिळत होतं. दादाने बाटली उघडून वास घेतला आणि झाकण लावलं. “आर्धं रॉकेल हाय. इंजिनची वाट लागंल.”

“लागू दे!” मी मागून ओरडले. “माझी वाट लागून राहिली, ते दिसत न्हाई का तुला?”

दादाने बाटली परत केली. मला त्याचा इतका राग आला की त्याचा गॉगल ओढून रस्त्यावर फेकावासा वाटला. मी बाकडे पाहिलं. तो पंपाच्या दोरीकडे बघत होता. तेवढ्यात परभणीकडे जाणारी एक जीप समोरून निघाली, भरलेली, पण मागे लोंबकळायला जागा होती. “मी तिच्यात जाते,” मी म्हणाले. दोन दारांच्या गाडीत मागच्या माणसाला स्वतःहून उतरता येत नाही, पुढच्याने सीट वाकवावी लागते. दादा बाहेरच उभा होता, तो सीटला हात घालणार तोच बा म्हणाला, “दारची गाडी असताना लेक लोंबकळत कशाला जाईल? बस.” जीप गेली.

आणि तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली. बाने हो म्हटलं होतं, पण शब्द त्याने बहिणीला दिला होता. मी वेळेत पोचले नाही तर कुणी कुणाला दोष देणार नव्हतं. संप होता, तेल नव्हतं, बापाने तर बिचाऱ्याने स्वतः गाडी चालवत नेली होती. आरशात बाचे डोळे दिसत होते, आणि ते रस्ता सोडून कशाकडेच बघत नव्हते.

औंढ्याच्या अलीकडे चढ लागला. बाने गाडी कडेला घेतली आणि दादाला म्हणाला, “उतर.”

“काय?”

“चढ हाय. वर चालत ये.”

दादा उतरला. पुण्याची जीन्स, पांढरे बूट, आणि तो त्या चढावर आमच्यामागे चालत येतोय, हे बघून एरवी मी पोट धरून हसले असते. वर पोचून आम्ही त्याची वाट बघत थांबलो. इंजिन बंद. माझ्या हातातलं घड्याळ चालू. “बा, तू मुद्दाम करून राहिला का?” हे वाक्य माझ्या ओठावर आलं होतं. मी ते गिळलं. विचारलं असतं आणि तो हो म्हणाला असता, तर मी काय करणार होते?

दादा घामाघूम होऊन आत बसला. पुढे उतार होता, लांबलचक, खाली जाऊन डावीकडे वळणारा. बाने गाडी सोडली, गिअर न्यूट्रलला टाकला आणि सवयीने चावी बंद केली.

“बा, चावी बंद करू नको!” दादा ओरडला. “हिचं स्टिअरिंग...”

इंजिन थांबलं. वारा ऐकू यायला लागला. बाच्या जीपमध्ये ब्रेक पायाच्या ताकदीवर लागायचा आणि स्टिअरिंग हाताच्या. या गाडीत दोन्हींना इंजिनाचा आधार लागायचा. तो आधार बाने स्वतःच्या हाताने काढून घेतला होता, आणि हे त्याला माहीत नव्हतं. पहिला ब्रेक लागला. दुसरा जेमतेम. तिसऱ्या वेळी पायाखालचं पेडल दगडासारखं झालं. बा दोन्ही पाय देऊन उभा राहिल्यासारखा झाला तरी गाडी पळतच होती. काटा चाळीसच्या किती वर गेला ते मी पाहिलं नाही. वळणावर एक बाई शेरडं घेऊन वर येत होती. बा स्टिअरिंग ओढत होता आणि ते वळत नव्हतं. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. मी “बा!” म्हणून किंचाळले. एवढंच मला आठवतं, माझाच आवाज.

दादाने हँडब्रेक ओढला. बाने सगळं अंग टाकून स्टिअरिंग उलट्या बाजूला नेलं. गाडी रस्ता सोडून सोयाबीनच्या रानात शिरली, बांधावर पोट आपटून अडकली आणि एक चाक हवेत फिरत राहिलं. शेरडांवाली बाई काही क्षण बघत उभी राहिली, मग आम्हाला चार शिव्या देऊन शेरडं गोळा करायला लागली. तिचा एकही शब्द चुकीचा नव्हता.

कुणाला काही लागलं नव्हतं. बाचं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं होतं, तिथून थोडं रक्त येत होतं, बस. गाडीखालून काळं तेल टपटपत होतं. दादा खाली वाकून बघत होता आणि मी बांधावर बसून होते. संपलं, असं मला वाटलं. आता दिवाळी, मग हळद.

बा माझ्याकडे बघत होता. मग त्याने माझा हात धरला आणि मला जवळजवळ ओढत रस्त्यावर आणलं. वरून एक जीप येत होती, टपापर्यंत भरलेली. बा रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. ड्रायव्हर लाइनीतला, ओळखीचा. “जागा न्हाई, मामा!” तो ओरडला. बाने पुढच्या सीटवरच्या एका बाप्याला हाताला धरून खाली उतरवलं. “बाबा, माझ्या लेकीची परीक्षा हाय. तुमी टपावर बसा, पाया पडतो.” तो माणूस बाच्या कपाळावरचं रक्त बघून मुकाट्याने वर चढला. मी त्याच्या जागी बसले. बाने खिडकीतून आत डोकं घातलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, “दाबून चालव. चढ-उतार काही पाहू नको, तेल काही पाहू नको. हिला अकराच्या आत परभणीला टाक.”

जवळा बाजार कधी आला नि गेला, मला कळलं नाही. मी परभणीला पोचले तेव्हा नावं पुकारणं सुरू झालं होतं. माझं नाव यायचं होतं. ते आलं, मी “हजर” म्हणाले, आणि समोरच्या बाईंनी विचारलं, “अंगाला एवढी माती कशी?” मला तिथेच रडू फुटलं.

रात्री मी परभणीला, आमच्याच तांड्यातली एक बाई तिथे कामाला होती तिच्याकडे राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत येताना त्या उतारावर उतरले. गाडी तिथेच होती. दादा मिस्त्री आणायला हिंगोलीला गेला होता आणि बा बांधावर लिंबाच्या सावलीला बसून राखण करत होता. कपाळाला हळद लावलेली.

“लागला नंबर?” त्याने विचारलं.

“लागला.”

त्याने मान हलवली. मी त्याच्या शेजारी बसले आणि जे काल गिळलं होतं ते विचारलं. “बा, काल तू मुद्दाम हळू चालवत होता का?”

मला वाटलं होतं, तो चिडेल. तो चिडला नाही. “आर्धं तेलासाठी,” तो म्हणाला. “खरंच तेल नव्हतं, माय.”

“आन् आर्धं?”

“आर्धं तुला म्हाईत हाय. बहिणीला शब्द दिलेला. वाटत व्हतं, आपून नको मोडायला, वेळेनंच मोडू दे तुझं.” तो खालची माती बोटाने उकरायला लागला. “मंग बिरेक लागंना. तू वरडली. तवा वाटलं, लेकरू माझ्याच हातानं चाललं.”

मला राग आला. खूप आला. आजही ते आठवलं की येतो, आणि त्याच्याबरोबर दुसरंही काहीतरी येतं, ज्याला राग म्हणता येत नाही. मी उठून गेले नाही. दादा मिस्त्रीला घेऊन येईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून होतो.

त्याच आठवड्यात बा एकटाच आत्याच्या गावी गेला आणि दिलेला शब्द परत घेऊन आला. ती त्याला काय काय बोलली, ते त्याने घरात कुणालाच सांगितलं नाही. आत्या पुढे कितीतरी वर्षं आमच्या दारात आली नाही, दिवाळीला नाही, दादाच्या लग्नातही नाही. बाने त्याबद्दल मला कधी एका शब्दाने ऐकवलं नाही.