नाव कळल्याशिवाय पाजायचं नाय

तेलाचा एक थेंब अंगठा आणि तर्जनीत धरायचा, बोटं हळूहळू लांब करायची, तार कुठवर टिकते ते बघायचं आणि मग बोटं नाकाशी न्यायची. एवढं झालं की काका डोळे मिटत. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा आमच्या दुकानाचा नियम होता.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत माझं पंपांच्या सुट्या भागांचं आणि तेलाचं दुकान होतं. काका म्हणजे आळीतले सगळ्यांचेच काका, उमेदीची वर्षं जहाजाच्या इंजिनखात्यात तेलवाले होते. निवृत्त झाल्यावर सकाळी नऊच्या ठोक्याला माझ्या बाकावर येऊन बसत. आता तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे घरटी एक माणूस मुंबईला. तो गावी येताना कुठूनतरी तेलाचा डबा आणणार. डब्यावर चित्र बिस्किटांचं आणि आत काय ते देवाला ठाऊक. मग भातगिरणीचं इंजिन असो की बागेतला पंप, शहाणा माणूस आधी डबा काकांना दाखवून जायचा.

ते थेंब वर्तमानपत्रावर टाकत, पाण्यात सोडत, चमच्यात तापवत. चमच्यात तडतडलं की म्हणत, "पानी हाय यात." पाण्यात मिसळून गेलं की, "हे ब्रेक ऑइल. इंजिनाला विष." शेवटचा निकाल मात्र नाकाचा. एकाने होडीला फासायचं मोरी माशाचं तेल गिरणीसाठी आणलं होतं, त्याचा निकाल काकांच्या आधी दुकानातल्या मांजराने दिला.

माझ्या धंद्यावर ते सरळ पाय द्यायचे. तेल चांगलं निघालं की गिऱ्हाइकाला सांगत, "घाल बिनधास्त. शेटकडून नवं घेव नको."

"काका, बाक माझा आहे," मी चिडून म्हणायचो.

"बाक तुझा, नाक माझं."

एकदा माघात मालगुंडकडची एक बाई डबा घेऊन आली. नवरा मुंबईला, आंब्याची कलमं ती एकटीच बघायची. मोहोरावर तुडतुडे पडले होते. फवारणीच्या पंपाला पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल संपलं होतं. माझ्याकडेही कुठलंच तेल उरलं नव्हतं, मुंबईचा माल आला नव्हता. नवऱ्याने पाठवलेला हा एवढा डबा घरात पडून होता. साधं इंजिन ऑइल असतं तरी वेळ निभावली असती. मी डबा घेऊन काकांच्या हातात दिला.

त्यांनी तार ओढली. बोटं नाकाशी नेली, डोळे मिटले. बराच वेळ गेला. पुन्हा नेली.

"मला नाय कळत."

"अवो काका, तुमाला नाय कळत?" बाई रडकुंडीला आली. "उद्या फवारलं नाय तर मोहोर काळा पडंल. निस्तं होय म्हना."

"होय म्हनायला माझं काय जातंय गो? पंप बसला तर तुझा मोहोर जाईल. इंजिन मुकं जनावर हाय. नाव कळल्याशिवाय पाजायचं नाय."

"जाडसर इंजिन ऑइलच दिसतंय की," मी मध्ये तोंड घातलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. उठले, घरी गेले आणि आपल्या मोपेडच्या पेट्रोलमध्ये मिसळायला ठेवलेली तेलाची बाटली आणून तिला दिली. तिचा डबा मात्र ठेवून घेतला.

तिचा मोहोर वाचला. मे महिन्यात ती काकांसाठी टोपलीभर हापूस घेऊन आली. पण तोवर बाजारात बोभाटा झाला होता, काकांनाही कळलं नाही म्हणे. डबे घेऊन येणारे कमी झाले. मीही चेष्टा सोडली नाही. "काका, त्या डब्याचं बारसं झालं का?" असं रोज विचारायचो. ते हसायचे आणि पेपर वाचायला घ्यायचे.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी काका गेले.

दिवस झाल्यावर मी काकूंना भेटायला गेलो. खिडकीत छोट्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या, प्रत्येकीवर काकांच्या अक्षरात तेलाचं नाव. एकीवर चिठ्ठी होती, 'माहीत नाही'.

"त्या डब्यातलंच," काकू म्हणाल्या. "रोज सकाळी उठून हुंगायचे. गेल्या साली गणपतीत ताप आला होता ना, तेव्हापासून त्यांना वासच येत नव्हता, बाकीची तेलं तारेवरून नि चमच्यावरून ओळखायचे. या बाटलीचा वास आला की नाक परत आलं समजायचं, म्हणायचे. तुम्हाला बोलले नाहीत?"

नव्हते बोलले. मी झाकण उघडलं. कुजक्या अंड्यासारखा दर्प आला. गिअरचं तेल. सहा वर्षं शेजारी बसून काकांचे निकाल ऐकल्यावर एवढं मलासुद्धा कळत होतं. त्या पंपात गेलं असतं तर ऐन मोहोरात पंप बसला असता. त्या दिवशी डबा माझ्याच हातून त्यांच्याकडे गेला होता, पण मी तो हुंगला नव्हता. काका असताना मी कधीच काही हुंगून बघितलं नव्हतं. आणि वर रोज बारशाची चेष्टा. मला माझीच लाज वाटली.

"कसलं आहे हो?" काकूंनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी आतून काकांचं पेन आणून दिलं. मी चिठ्ठीवर टोक टेकवलं, पण नाव काही मला लिहवेना.