ढोलीपुढचा सत्कार

पक्षी वाचले तर अरण्य वाचेल, आणि अरण्य वाचले तरच माणूस वाचेल. आमच्या पक्षिमित्र मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात मी या वाक्याने करत असे. वाक्य खरे असावे. मी ते रंकाळ्याच्या काठावर भेळ खाताना रचले होते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी गारगोटीच्या पलीकडे एका देवराईत आम्हाला धनेशाचे घरटे सापडले. गावाला ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, सापडले आम्हाला. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते, दार लिंपून घेते आणि चोच जाईल एवढीच फट ठेवते. मग आठवडेच्या आठवडे ती आत कोंडलेली. नर फळे आणतो आणि फटीतून भरवतो. तो आला नाही तर आत उपास. हे मी शाळाशाळांतून स्लाइड दाखवून सांगत असे, आणि पोरे हळहळत.

ही देवराई मंत्र्यांच्या हस्ते पक्ष्यांना अर्पण करावी, असे आमच्या अध्यक्षांच्या मनात आले. ते दातांचे डॉक्टर होते आणि त्यांना नकार ऐकायची सवय नव्हती. मंत्र्यांना सवड एप्रिलात होती, मादी ढोलीत असताना. व्यासपीठ ढोलीच्या त्या बेहड्याखालीच ठरले, कारण फोटोत झाड यायला हवे होते.

पण त्या राईत वाळकी काटकी उचलायची तरी देवीचा कौल लागे. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुले चिकटवली आणि गाऱ्हाणे घातले. उजवे फूल आधी पडले तर होकार, डावे पडले तर नकार. डावे पडले.

"परत लाव," सरपंच म्हणाले.

"देवीनं न्हाय म्हटलंय."

"आरं, मंत्री येनार म्हनून नीट सांगितलास का तिला? रस्ता हुतूय आपला. लाव."

दुसऱ्यांदाही डावेच पडले. तिसऱ्या वेळी गुरवाने डावे फूल जरा दाबून बसवले, आणि उजवे पडले. सरपंचांनी नारळ फोडला. रस्ता त्यांना खरोखर हवा होता. पावसाळ्यात त्या गावातून आजारी माणूस डोलीतून न्यावा लागे. माझ्याकडे तसले काही कारण नव्हते. मला फक्त सूत्रसंचालन करायचे होते. उजवे फूल पडल्यावर मला हायसे वाटले, याची लाज आजही वाटते.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्हा सर्वांना भगवे फेटे बांधले गेले. राईत चपला घालून जायचे नाही, म्हणून त्या बाहेर काढल्या. कर्णे आणि जनरेटर मात्र आत आणले. मंत्री उशिरा आले. हलगी कडाडली, फटाक्यांची माळ लागली. चोचीत उंबर धरलेला नर समोरच्या झाडावर उतरला, क्षणभर बसला आणि उलटा फिरला. थोड्या वेळाने पुन्हा आला, पुन्हा गेला. व्यासपीठावरून मला तो स्वच्छ दिसत होता. पाच मिनिटे शांत बसा, एवढेच मला म्हणायचे होते. माईक माझ्याच हातात होता. मी त्यावरून पुढच्या सत्कारमूर्तींचे नाव पुकारले.

व्यासपीठाच्या कडेला बसलेल्या एका म्हातारीने माझा सदरा ओढला. "पावणं, बाळंतिणीच्या दारात हलगी वाजिवत्यात व्हय तुमच्यात?"

"आजी, कार्यक्रम तिच्यासाठीच आहे."

"मग तिला बी फेटा बांधा की!"

बायका खदखदून हसल्या. मीही हसलो, दुसरे काय करणार? तोंड झाकायला फेट्याचा शेमला बरा पडला.

मंत्री बोलायला उभे राहिले. मुक्या जिवांच्या भाषेवर ते बरेच बोलले. नराने तोवर येणेही सोडले होते. माझी नजर त्या फटीकडे जाई आणि मी ती ओढून पुन्हा मंत्र्यांकडे लावी. मग एका वाक्याच्या मध्येच जनरेटर बंद पडला. डिझेल संपले होते.

एकदम शांत झाले. अध्यक्ष जनरेटरवाल्यावर दातओठ खात होते, पण मंत्र्यांसमोर म्हणून हळू आवाजात. मंत्री घाम पुसत बसले. तेवढ्यात पंखांचा तो जड, घरघरता आवाज डोक्यावरून गेला. नर थेट ढोलीला येऊन चिकटला. फटीतून एक चोच बाहेर आली. त्याने गळ्यातून एकेक उंबर वर काढून तिला भरवले. व्यासपीठावरच्या पाहुण्यांच्या पाठी झाडाकडे होत्या, कारण फोटोग्राफर त्यांच्यासमोर होता. बायकांनी मात्र पाहिले.

शेवटी कुणाच्या तरी जीपमधून नळीने डिझेल काढले. कर्णा खरखरला आणि नर उडाला. मी माईक घेतला आणि झालेल्या व्यत्ययाबद्दल मंडळाच्या वतीने मान्यवरांची मनःपूर्वक माफी मागितली.

मंत्र्यांना आपण कुठवर आलो होतो ते आठवेना. त्यांनी भाषण पहिल्यापासून सुरू केले.