चिपाडाच्या सासूबाई

चहा निवू देऊ नका, आणि मध्येच कुणी हसायचं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढं मन मोकळं केलं, आणि ते नेमकं पॅकिंगपुढं.

आधी बंबाचं सांगते. निरवांगीला आमच्या न्हाणीत सासूबाईंचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. रोज त्याच्या धुरानं माझे डोळे चुरचुरायचे. एकदा घरात कुणी नसताना मोडवाल्याचा टेंपो आला आणि मी बंब त्याला देऊन मोकळी झाले. बदल्यात काय घेतलं? प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या. घरी सांगितलं, भावानं दिल्या.

सासूबाईंचा संशय गेला आमच्या अक्कांवर, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंवर. त्या त्याच आठवड्यात माहेरी जाऊन आल्या होत्या. मग काय, सासूबाई त्याच खुर्चीवर बसून अक्कांच्या माहेराचा उद्धार करायच्या, आणि मी शेजारी शेंगा फोडत गप्प. तोच समज घेऊन सासूबाई गेल्या. अक्का कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्याचंच मला जास्त लागायचं.

सासूबाईंनी अंगणवाडीला जागा दिली होती, म्हणून यंदा गावानं अंगणवाडीच्या दारात त्यांचा अर्धपुतळा बसवायचं ठरवलं. पुतळा बारामतीहून आला, त्या दिवशी मी नेमकी इंदापूरला डोळ्याच्या डॉक्टरांकडे. डाव्या डोळ्याला रांजणवाडी झाली होती. डॉक्टरांनी थेंब घालून वर पट्टी चिकटवली आणि मी एका डोळ्यानं जग बघत एसटीनं परत आले.

भर दुपारचे बारा. घरात चिटपाखरू नाही, लाइट गेलेली, बाहेर उसाचं पान हलत नव्हतं. पाय धुवायला न्हाणीकडे गेले आणि दारातच थबकले. जिथं बंब असायचा, बरोबर त्याच कोपऱ्यात सासूबाई होत्या.

मनात म्हटलं, पुतळा इथं ठेवलाय वाटतं, रंग द्यायचा राहिला असेल. पिवळट फिका चेहरा, तेच नाक, तीच घट्ट मिटलेली जिवणी. मी डोक्यावर पदर घेतला, नमस्कार केला आणि तांब्या घ्यायला डावीकडे सरकले.

सासूबाईंची मान माझ्यामागं वळली.

मी उजवीकडे सरकले. मानही उजवीकडे आली, अगदी सावकाश. मी थांबले की ती थांबायची. मी खाली वाकले, तर हनुवटी खाली करून माझ्याकडे बघायला लागल्या. आता पुतळा मान वळवतो का हो? आणि वळवलीच, तर माझ्याच मागं का? ते मात्र मला पक्कं ठाऊक होतं.

"आत्या," मी म्हटलं, "बंब मी दिला मोडीत. अक्कांनी न्हाय."

घुमल्यासारखा आवाज आला, "आन् खुर्च्या?"

"त्याच्याच बदल्यात घेतल्या, आत्या."

"मग इतकी वरसं तोंड शिवलं हुतं काय?"

"भ्या वाटलं. तुमी मला माहेरी धाडलं असतं. तुमी अक्कांना बोलायच्या तवा माझ्या घशाखाली घास उतरायचा न्हाय."

"खोटं बोलू नगंस. चांगल्या दोन भाकरी हाणायचीस."

भाकरी मोजणारं घरात एकच माणूस, थापणारं. मी मागं वळून पाहिलं. न्हाणीच्या अर्ध्या भिंतीपलीकडे अक्का उभ्या होत्या, हातात धुण्याची बादली. रागावल्यात की रडतायत, मला कळेना.

त्या आत आल्या, सरळ कोपऱ्यात गेल्या आणि त्यांनी सासूबाईंच्या नाकावर बोट टेकवलं. बोट पार आत गेलं.

"पुतळा कवाच अंगणवाडीत गेला," अक्का म्हणाल्या. "हे त्याच्यावरचं टरफल हाय. उसाच्या चिपाडाचा लगदा करून त्याच्यात बसवून धाडला. थर्माकोल न्हाय वापरत त्ये. ती पट्टी काढ बघू."

मी पट्टी काढली. दोन डोळ्यांनी पाहिलं, तर चेहरा फुगीर नव्हताच. उलटा, खोलगट. एकाच डोळ्यानं बघितलं की खोलगट तोंड फुगीर दिसतं, आणि आपण हललो की तेही मागं वळल्यासारखं वाटतं. सासूबाईंच्या जागी सासूबाईंएवढा खड्डा होता.

"टेंपोवाला परत न्यायला येणार हाय," अक्का म्हणाल्या. "भिजवून पुन्हा लगदा करत्यात, त्याचीच ताटं, त्याचीच खोकी."

"अक्का, कुणाला सांगू नका. पाया पडते."

"मी कशाला सांगू?" म्हणाल्या आणि धुणं वाळत घालायला गेल्या.

आठ दिवसांनी पुतळ्याचं अनावरण झालं. अंगणवाडीपुढं पंगत बसली, सगळे पाहुणे, अक्कांच्या माहेरची माणसंसुद्धा. चिपाडाची ताटं मांडली होती. अक्का लापशी वाढत माझ्यापाशी आल्या आणि कानात म्हणाल्या, "शोभे, त्या टरफलाचीच ताटं हायेत बरं ही. त्यानं सगळं ऐकलंय. कुनाच्या ताटात काय गेलं, कोन जाणं."

मी ताटाकडे पाहिलं. लापशीखालून काहीतरी माझ्याकडे बघत होतं, शपथेवर सांगते. समोर अक्कांचे म्हातारे वडील मान खाली घालून जेवत होते, आमच्या घरी ते नेहमी तसेच जेवायचे. मला राहवेना. उभी राहिले आणि भरल्या पंगतीत सांगून टाकलं: बंब मी मोडीत घातला, अक्कांचा काही दोष नव्हता.

सगळी पंगत हातातले घास धरून बसली. म्हाताऱ्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि लेकीला म्हणाले, "वाढ गं पोरी, अजून थोडी." माझ्या डोळ्यांना धार लागली, आणि तेव्हा धुराचं निमित्तही नव्हतं.

घरी येताना मी अक्कांना म्हटलं, "बरं झालं, त्या टरफलाचीच ताटं झाली."

"कशाची ताटं?" अक्का म्हणाल्या. "ती दुकानातनं आणली. मी टेंपोवाल्याला मागचंच अर्धं परत दिलं. तोंडाचं ठिवून घेतलं. असली कामाची वस्तू लगद्यात कोन घालतंय? पुन्हा वापरायची."

आणि वापरतात. परवा घरातली खलबत्त्याची मुसळी सापडेना, तर अक्कांनी शोधाशोध केलीच नाही. सरळ मला म्हणाल्या, "शोभे, एक डोळा झाक आन् न्हाणीत जाऊन ये."