पहिल्या पाळीची बस आणि एक रिकामी फ्रेम

माझा फोन दर पंधरा दिवसांनी कुरकुरतो, 'जागा संपली, काहीतरी काढून टाका.' मग मी निवडायला बसतो. सुप्रभातची फुलं जातात, लग्नांतले एकसारखे चाळीस-चाळीस फोटो जातात. पण 'बस' नावाचं एक फोल्डर आहे, त्याला हात लावायची इच्छाच होत नाही. त्यात आमच्या कंपनीच्या बसमधले किस्से आहेत. काही व्हॉइस नोट, काही स्क्रीनशॉट, काही नुसती दोन ओळींची टिपणं. बायको म्हणते, "एक तर फोन बदल, नाहीतर मित्र बदल!"

फोन बदलला.

बस म्हणजे महाडच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याची, पहिल्या पाळीची. पोलादपूरहून सकाळी सहाला सुटते. मी इन्स्ट्रुमेंट विभागात आहे. माझं काम गेज आणि सेन्सर बघायचं, पण नवीन ॲप, नवीन गॅजेट, नेटवर आज काय आलंय याचं मला कॉलेजपासून वेड. त्यामुळे बसमधल्या सगळ्यांचं ठाम मत आहे की मोबाईलमधलं जे बिघडतं ते मंगेश दुरुस्त करतो, आणि जे चांगलं चाललेलं असतं ते मंगेशच बिघडवतो.

दुसरं मत कसं तयार झालं, ते आधी सांगतो.

*

आमचा ड्रायव्हर बबन. पावसात लोक फाट्या-फाट्यावर छत्र्या धरून उभे राहायचे, म्हणून मी त्याला लाइव्ह लोकेशन शिकवलं. निघताना ग्रुपवर टाकायचं, लोक घरात चहा पीत बघत बसणार, बस जवळ आली की बाहेर पडणार. आठवडाभर अगदी झकास चाललं. मला तर वाटायला लागलं होतं की कंपनी माझा सत्कार करील!

एका सकाळी ग्रुपवर बस हलेचना. सहा वाजले, सव्वासहा झाले, बस आपली बबनच्या घरी. लोकांनी दुसरा चहा घेतला. कुणी म्हणालं पंक्चर असेल, कुणी म्हणालं बबनला झोप लागली असेल.

बबननं लोकेशन लावलं होतं, फोन चार्जिंगला ठेवला होता आणि तो तिथेच विसरून स्वतः मात्र वेळेवर निघाला होता. बस कारखान्यात पोचली ती जवळजवळ रिकामी. कँटीनच्या सुनंदाताईसुद्धा घरीच राहिल्या, त्यामुळे त्या दिवशी साहेबांना चहा नाही. मग काय, बबनला केबिनमध्ये बोलावणं!

बबन शांतपणे म्हणाला, "मी टायमावर आलो साहेब. फोनला उशीर झाला."

आता बबन लोकेशनही टाकतो आणि प्रत्येक फाट्यावर हॉर्नही वाजवतो.

*

मग नेटवर ती फोटोंची लाट आली. आपला फोटो द्यायचा आणि सांगू तसा नवा फोटो बनवून घ्यायचा. आठवडाभर बसमध्ये दुसरा विषय नव्हता. बबनला मी विमानाचा पायलट केला. सुनंदाताईंना हत्तीवर बसवलं. त्या म्हणाल्या, "हत्ती राहू दे, माझं पोट जरा आत घे!"

सगळे हसत होते, गायकवाडभाऊ सोडून.

गायकवाडभाऊ आमच्या लॅबमधले. तिसरी रांग, खिडकी, पंचवीस वर्षं तीच जागा. बोलणं कमी, पण बोलले तर नेमकं. त्या दिवशी गेटवर उतरल्यावर ते माझ्यासाठी थांबले.

"मंगेश, फोटो नसला तरी फोटो होतो का रे?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. ते सात वर्षांचे असताना आई गेली. तिचा एकही फोटो नाही. वडील मुंबईत गिरणीत होते, त्यांच्या पासावरचा फोटो मोठा करून घेतलेला आहे. गावात आता नवं घर बांधून झालंय आणि बुद्धपौर्णिमेला गृहप्रवेश आहे. भिंतीवर मधे बुद्धांची तसबीर, एका बाजूला वडील.

"दुसरी बाजू मोकळी राहते रे. फ्रेम मी दोन आणल्यात, सारख्या मापाच्या. एक रिकामीच टांगलीय."

रिकामी फ्रेम टांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. "करू की आपण!" मी म्हणालो. इतक्या सहज म्हणालो, की आता त्याची लाज वाटते.

चहाच्या सुट्टीत बसलो. भाऊंनी सांगितलं तसं मी लिहिलं. सावळी, उंच, अंगानं बारीक, लुगडं नेसलेली. दहा सेकंदांत बाई हजर! गोरीपान, गळ्यात दोन हार, मोत्यांची नथ, ओठांवर हसू आणि मागे सूर्यफुलं.

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"छान हाय बाई," ते म्हणाले. "कुणाची आई हाय?"

मी फोन खाली घेतला. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं, की नेटवर ज्यांचे फोटो आहेत त्यांच्याच आया या मशीनला माहीत आहेत.

*

सुनंदाताईंचं मात्र नेटवर चांगलं बस्तान बसलं. त्यांचा तांदळाची भाकरी थापतानाचा व्हिडिओ मी कँटीनमध्ये काढला आणि नेटवर टाकला. बघणारे वाढत गेले, खाली प्रश्न यायला लागले. 'पीठ किती ग्रॅम?' 'पाणी किती मिली?' 'कृपया अचूक प्रमाण द्या.'

मी बसमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. ताई चक्रावल्या. त्यांनी जन्मात पीठ मोजलेलं नाही.

"त्यांना विचार, घरात माणसं किती हायत?"

मी तसंच लिहिलं. आणि लोकांनी खरंच उत्तरं दिली! कुणी 'दोघं', कुणी 'सासूबाई धरून पाच'. एकानं लिहिलं, 'मी एकटाच. मस्कतला असतो.'

ते ऐकून ताईंनी माझ्या फोनकडे बोट केलं.

"त्याला लिही, दोन कर. एक रात्रीला झाकून ठेव."

*

ताईंच्या भावाची रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडला खानावळ आहे. माझ्या अंगात आलं आणि मी ती मॅपवर चढवली. महिनाभरात पहिला अभिप्राय आला, एकच स्टार! 'जेवण उत्तम. मालकांनी आग्रह करकरून भात वाढला. त्यानंतर गड चढता आला नाही.'

मी घाबरत घाबरत भावाला फोनवर वाचून दाखवला. मला वाटलं, बिचाऱ्याच्या मनाला लागणार. तो उलट माझ्यावरच उखडला.

"गड आधी का जेवान आधी, येवढं तरी मोबाईलवर बघून यायचं ना रे!"

*

गायकवाडभाऊंच्या फोटोची गोष्ट मी बबनजवळ बोललो, ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी अख्ख्या बसची समिती तयार! त्या माऊलीला कुणीही पाहिलेलं नव्हतं, तरी प्रत्येकाला खात्री.

"नथ काढ पहिली!"

"हार कशाला? त्या काळात कुणाकडं होते?" हे सुनंदाताईंचं.

"नाक भाऊंसारखं ठेव, आईचंच असनार!" बबन आरशात बघत ओरडला.

"तू पुढं बघ रे!" सगळे एका सुरात.

भाऊ मधे बसून संकोचानं हसत होते. पण मी पाहिलं, प्रत्येक नव्या चेहऱ्याला ते पुढे वाकायचे आणि मग पुन्हा मागे टेकायचे.

असे नऊ फोटो झाले. बरोबर का चूक हे सांगू शकेल असं एकच माणूस जगात उरलं होतं, भाऊंची मावशी. आईची धाकटी बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, पण डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून सुईत दोरा ओवते. ती हो म्हणाली तरच फ्रेम भरायची, हे भाऊंनी पक्कं केलं होतं.

रविवारी आम्ही मोटरसायकलवरून तिच्या गावी गेलो. मावशी पडवीत तांदूळ निवडत होती. मी फोन तिच्यासमोर धरला आणि एकेक फोटो सरकवत गेलो.

"ही शिणेमातली."

"ही आजारी हाय काय?"

"हिच्या हातात येवढ्या बांगड्या कुनी भरल्या?"

आठ फोटो असेच गेले. नवव्याला ती थांबली. खुर्चीत बसलेली, हात मांडीवर ठेवलेली, साधी बाई.

"तोंड थोडं हाय आक्काचं," मावशी म्हणाली.

भाऊंनी माझा दंड धरला.

"पन आक्का नाय. आक्का अशी बसंल? तिला कधी बसलेली बघितलीस तू?"

परतताना भाऊ मोटरसायकलवर मागे बसले. घरापाशी उतरले आणि म्हणाले, "राहू दे मंगेश. फ्रेम उतरवतो." बुद्धपौर्णिमा आठ दिवसांवर आली होती.

*

त्या रात्री जेवताना माझ्या मनगटावरचं स्मार्ट वॉच थरथरलं. 'बराच वेळ बसला आहात, उठा, जरा चाला!' हे मला दिवसातून दहा वेळा सांगतं. मी वैतागून ते काढलं आणि बायकोला, स्मिताला, म्हणालो, "उद्या तू घाल. बघू तुला किती ओरडतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तिचा मेसेज आला. घड्याळाचा फोटो. पडद्यावर फटाके उडत होते आणि खाली लिहिलं होतं, 'आजचं उद्दिष्ट पूर्ण! अभिनंदन!'

फोटोखाली तिनं लिहिलं होतं, 'चला, घड्याळाच्या तरी लक्षात आलं.'

सोळा वर्षं झाली आमच्या लग्नाला. मी गेजसमोर उभा राहून तो मेसेज तीनदा वाचला. घड्याळ काही मी परत मागितलं नाही.

*

मंगळवारी बसमध्ये मी माझी जागा सोडून भाऊंच्या शेजारी बसलो.

"भाऊ, मावशीचं सोडा. तुम्हाला काय आठवतं?"

ते खिडकीकडून माझ्याकडे वळले. "खरं सांगू? तोंड आठवतच नाय. पन्नास वर्षं झाली. लाजेनं कुणाला बोललो नाय."

"आणि ते सावळी, उंच, ते सगळं?"

"ते मावशीनं सांगितलेलं."

"मग काहीच नाही आठवत?"

"पाठ आठवते," भाऊ म्हणाले. "डोक्यावर मोळी घेऊन ती पुढं, मी मागं. पार पोलादपूरच्या बाजारापर्यंत. बांधावरनं एकच माणूस चालंल एवढी वाट. अनवाणी. डावा खांदा जरा खाली. मी रडायला लागलो की थांबायची नाय, नुसता एक हात मागं करायची. तो धरायचा आणि चालायचं."

मी फोन काढला. भाऊंच्या लक्षात आलं. पुढून बबनच्याही आलं, कारण त्याचा कान कायम मागे असतो.

"पन भिंतीवर पाठमोरा फोटो कोन लावतो, भाऊ?"

"आमची आई पुढंच असायची रे," भाऊ म्हणाले.

बबन परत रस्त्याकडे बघायला लागला.

या खेपेला मशीन वठणीवर आलं. पाठीला हार नसतात, नथ नसते, हसू नसतं. तरी केसांतला गजरा काढायला त्याला चारदा सांगावं लागलं. मग बांध आला, कापलेल्या भाताचे खुंट आले, मोळी आली. "खांदा अजून खाली," भाऊ म्हणाले. मी केला. "हात अजून मागं." तोही केला. मग त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला. बस गेटवर येऊन उभी राहिली होती, आणि बबननं हॉर्न वाजवला नाही.

पाळी सुटल्यावर तसेच मावशीकडे गेलो. ती पडवीतच होती, मांडीवर सूप.

"परत ती चित्रं आनलीस?" ती भाऊंवर खेकसली.

"एकच हाय, मावशी."

मागच्या वेळी फोन मी धरला होता. या वेळी तिनं तो स्वतःच्या हातात घेतला. तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. फोन लांब धरला, मग जवळ आणला. भाऊ खांबाला टेकून उभे होते. मावशी हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती.

मग तिनं एक बोट त्या खाली झुकलेल्या डाव्या खांद्यावर ठेवलं. काचेवर बोट टेकून हललं की फोटो सरकतो, हे तिला कुठून माहीत असणार! मोळीवाली बाई हळूच कडेला सरकली, अर्धी पडद्याबाहेर गेली.

मावशी ताडकन उठून उभी राहिली.

"आक्के, थांब गो! मी पन येते!"