घरटी एक

तुमच्या घरात एकीने गोळी घेतली तर दुसरीचा ताप उतरतो का? नाही ना? मग पुढचं वाचून हसू नका. डोंगरावरच्या त्या वस्तीतल्या बायका तुमच्याइतक्याच शहाण्या आहेत. त्यांना धड सांगायची तसदी कुणी घेतली नव्हती, एवढंच.

वस्तीत शिलाई मशीन एकच, शिंपिणीचं. मापाला टेकडी चढून यायला बायकांना सवड कुठली? प्रत्येक घरातून एक जुना कपडा यायचा आणि त्यावरून शिंपीण घरातल्या सगळ्यांचं बेतायची. एकीला जरा सैल, दुसरीला जरा आवळून. कुणाची तक्रार नव्हती.

मग रस्ता संपतो तिथे एक गाडी येऊन उभी राहिली. छातीच्या कॅन्सरची तपासणी, फुकट, तपासणाऱ्याही बायकाच. ‘सगळ्या बायकांनी या,’ असं एक माणूस कर्ण्यावरून ओरडून गेला. आता सगळ्या कशा जाणार? चूल, गुरं, म्हातारी माणसं कुणी बघायची? वस्तीने आपल्या सवयीने तोड काढली. घरटी एक.

शिंपिणीच्या घरातून ती स्वतः गेली. थोरली जाऊ सासऱ्यांपाशी थांबली.

“काही सापडलं नाही,” शिंपिणीने येऊन सांगितलं.

“सुटलो बाई,” थोरली म्हणाली. “घराला काही नाही म्हणजे.”

शिंपिणीलाही हलकं वाटलं. ती मशीनवर बसली. समोर थोरलीचाच कपडा होता, डाव्या काखेत उसवून सैल करायला आलेला. याआधीही तिथेच केला होता. उजवी बाजू मात्र जशीच्या तशी. शिंपिणीचा पाय मशीनच्या पायडलवरच थांबला.

“जाऊबाई, इथे काही टोचतं का हो?”

“गाठ आहे जराशी. दुखत नाही. पण तू तर तपासून आलीस ना?”

शिंपिणीने कपडा पुन्हा उलटून पाहिला. तपासून तर आले. मग ही गाठ कुठून आली? गाडीतलं मशीन खोटं की मी खोटी? दोघी दोन वेगळ्या आयांच्या पोटच्या, दोन गावांहून या घरात आलेल्या. मग माझी तपासणी हिला लागू कशी झाली? आणि हे सकाळी कसं नाही सुचलं? विचार करकरून डोक्याचा भुगा झाला. अंगावर धागे तसेच ठेवून ती खाली पळाली.

गाडीची पायरी आत घेत होते.

“सिस्टर, एकीला नसलं तर घरातल्या दुसरीला असतं का?”

सिस्टर हसली. मग तिचं हसू विरलं. “थांबा. तुम्ही घरातून एकेकच आलात?”

“सगळ्याच तशा आल्या.”

“अरे देवा. आणि मला वाटलं, वस्तीत बायकाच कमी.”

वाटलं! अहो बाई, विचारायला तोंड नव्हतं का? पण सिस्टरने पायरी पुन्हा खाली सोडली, हे मात्र तिच्या बाजूने लिहायलाच हवं.

थोरली यायला तयार नव्हती. “माझं तुझ्यात झालं,” हेच धरून बसली होती. शेवटी शिंपिणीने सासऱ्यांपाशी शेजारणीला बसवलं आणि थोरलीला हाताला धरून खाली आणलं. वाटेत तिच्या शिव्याही खाल्ल्या.

थोरली आत गेली, बाहेर आली. शहरातल्या दवाखान्यात पुढची तपासणी करायला सांगितलं होतं.

“म्हणजे आहे?” शिंपिणीने विचारलं.

“आत्ता नाही सांगता येत,” सिस्टर म्हणाली. “गाठ साधीही असते. पण बघावीच लागेल. लवकर या.”

आहेही नाही, नाहीही नाही. हे कुठलं उत्तर? चढावर थोरली मध्येच थांबली.

“तू गेलीस तेव्हा काही नव्हतं. मी गेले आणि निघालं. उगाच नेलंस मला.”

शिंपीण चढ चढत राहिली. आपण हिला वाचवलं की हिच्या जिवाला घोर लावला, तिचं तिलाच कळेना. घरी मशीनवर कपडा अर्धा उसवलेला पडला होता. शिवावा की तसाच ठेवावा? तिने तो घडी करून शहरात न्यायच्या पिशवीत टाकला.

“उद्या निघायचं. मी येते बरोबर.”

“माझ्याबदली तूच जा की,” थोरली फणकारली. पण डोक्यावरचा पदर नीट करत तिने पिशवी आपल्याकडे ओढली.

तुमच्या दारी अशी गाडी आली, तर स्वतः जाऊन याच. पण परत आल्यावर चुलीपाशी थांबलेल्या बाईला उठवा, तिच्या जागी तुम्ही बसा आणि तिला पाठवा.